प्रश्न वाचकांचे : ऑईलची आग, ऑईलची जखम

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडतात, विंच (जाळं ओढायची यंत्रं) खाली उतरतात आणि जळकं, म्हणजे इंजिनात वापरून झालेलं, ऑईल बॅरलांत जमा होतं. याच दिवसांत ऑईलबद्दलची पत्रं जास्त येतात. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

आमच्या ट्रॉलरच्या मशीन रूममध्ये ऑईल प्रेशरचा तांब्याचा पाईप चिरला आणि ऑईल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळावर) उडून आग लागली. खलाशाने बादलीने समुद्राचं पाणी मारलं तर जाळ एकदम छताला लागला. कशीबशी विझली. मिस्त्री म्हणतात, ऑईल पेटत नाही, डिझेलच पेटलं असणार. खरं काय? बोटीवर आग विझवायचा कोणता सिलिंडर ठेवावा?
— ट्रॉलरमालक, मिरकरवाडा, रत्नागिरी

मिस्त्रींचं म्हणणं थंड ऑईलपुरतं खरं आहे. इंजिन ऑईलची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. यालाच फ्लॅश पॉइंट म्हणतात. डिझेलला तो किमान ३५ अंश असावा अशी आपल्याकडची अट आहे, आणि पेट्रोलचा तर शून्याच्याही बराच खाली असतो. म्हणून उघड्या भांड्यातलं थंड ऑईल काडीने पेटत नाही, आणि त्यावरून सगळ्यांची समजूत होते की ऑईलला आगीची भीती नाही.

पण तुमच्या बोटीवर ऑईल भांड्यात नव्हतं. ३ ते ५ बार दाबाने चिरेतून बाहेर पडलेल्या ऑईलचा फवारा झाला होता. फवाऱ्यातला प्रत्येक थेंब इतका बारीक असतो की तापायला क्षणही लागत नाही. जाळं ओढताना इंजिनावर लोड आला की मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या पुढे जातो. त्या पत्र्यावर ऑईल पडलं की ठिणगीचीही गरज उरत नाही, ते आपोआप पेटतं. मोठ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २२० अंशांपेक्षा जास्त तापणारा आणि तेल उडू शकेल असा प्रत्येक भाग झाकायला सांगितला आहे, तो याचसाठी. तुमच्या बोटीला तो नियम लागू असो वा नसो, आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता पाण्याचं. पाणी ऑईलपेक्षा जड, त्यामुळे ते जळत्या ऑईलच्या खाली जातं. तिथे त्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. ती वर उसळताना पेटलेलं ऑईल थेंबाथेंबाने घेऊन उडते. छताला लागलेला जाळ तोच. तुमचा खलाशी भाजला नाही हे नशीब समजा आणि बंदी उठण्याआधी बोटीवरच्या प्रत्येकाला हे समजावून सांगा.

आग लागली की पहिलं काम इंजिन बंद करणं. इंजिन फिरतंय तोवर ऑईल पंप आगीला ऑईल पुरवत राहतो. कितीही पावडर मारली तरी नवा फवारा नवा जाळ धरतो. त्यासाठी स्टॉपची दोरी आणि डिझेलच्या टाकीचा कॉक मशीन रूमच्या बाहेरून ओढता यायला हवा. तसा नसेल तर या बंदीत तेवढं एक काम कराच. मग ब्लोअर बंद, झाकण बंद. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि आग पहिल्या सिलिंडरात आटोक्यात आली नाही तर व्हीएचएफ वायरलेसच्या चॅनल १६ वर हाक द्या. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा. हाक दिल्यावर आग विझली तर काही बिघडत नाही.

सिलिंडर दोन प्रकारचे ठेवा. ६ किलोचा एबीसी पावडरचा जाळ झटकन पाडतो, पण पावडर लोखंड थंड करत नाही. मॅनिफोल्ड तापलेलाच असल्यामुळे अर्ध्या मिनिटात आग पुन्हा उठू शकते. म्हणून जोडीला ९ लिटरचा फोमचा हवा. बिल्जमधल्या (बोटीच्या तळाशी साचणाऱ्या) पाण्यावर तरंगणाऱ्या ऑईलवर फोमची साय धरते आणि खालची वाफ दाबून ठेवते. फोम थेट जाळात मारायचा नाही. समोरच्या फळीवर मारून तो खाली ओघळू द्यायचा. पावडर मात्र २ ते ३ मीटरवरून जाळाच्या बुडाशी, झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवायची. ६ किलोचा सिलिंडर जेमतेम १५ ते २० सेकंद चालतो, तेव्हा पिन ओढण्याआधी बाहेर पडायची वाट पाठीमागे आहे याची खात्री करा. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर विजेच्या पॅनलसाठी चांगला, पण बंद मशीन रूममध्ये तो माणसाचाही श्वास बंद करतो. तो मारून लगेच बाहेर यायचं आणि झाकण लावायचं. ते लगेच उघडून बघायचा मोह होतो. उघडलं की नवी हवा आत जाते आणि तापलेल्या लोखंडावर आग परत पेटते. झाकणाला हात लावून चटका बसतोय तोपर्यंत थांबा.

सिलिंडर मशीन रूमच्या आत टांगू नका. आग तिथेच असेल तर तो घ्यायला जाणार कोण? केबिनच्या दाराबाहेर, पण खाऱ्या पाण्याचे शिंतोडे बसणार नाहीत असा ठेवा. आपल्या हवेत सिलिंडर तळाकडून गंजतो. महिन्याला उचलून बूड बघा, काटा हिरव्यात आहे का बघा, आणि इंजिनाच्या थरथरीने तळाशी बसून गठ्ठा झालेली पावडर सुटावी म्हणून दोन वेळा उलटा करून हलवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजनच करावं लागतं. आतल्या वायूचं वजन १० टक्क्यांनी घटलं की भरून घ्यायचा.

राहिला पाईप. तांब्याचा पाईप थरथरीने कडक होत जातो आणि नटाजवळच्या वळणावर चिरतो. त्याला दर फुटा-दीड फुटाला रबर घातलेला क्लॅम्प द्या. मॅनिफोल्डला नुसती लॅगिंगची (उष्णता अडवणारी) दोरी गुंडाळून भागत नाही. ती ऑईल पिते आणि दिव्याच्या वातीसारखी जळते. दोरीवर पत्र्याचं कवच हवं.

विंचच्या होज पाईपमधून धुक्यासारखा बारीक फवारा येत होता. कुठून येतोय हे बघायला खलाशाने बोट फिरवलं. बोटाच्या टोकाला काटा टोचल्याएवढं भोक पडलं, रक्तही आलं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन तो कामावर आला. रात्री बोट काळंनिळं पडून सगळा पंजा सुजला. शेवटी अर्धं बोट काढावं लागलं. एवढ्याशा भोकाने असं कसं झालं?
— बोटमालक, हर्णै

या महिन्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पत्र आहे. असं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

विंचच्या हायड्रॉलिकमध्ये १०० बारच्या वर दाब सहज असतो. कातडी भेदायला साधारण ७ बार पुरतात. म्हणजे त्या भोकातून ऑईल सुईने टोचल्यासारखं आत गेलं. बोटात जागा कमी, म्हणून ते स्नायूबंधांच्या (बोट हलवणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणातून तळहाताकडे पसरलं. आत शिरलेलं ऑईल रक्तवाहिन्या दाबतं, मांसाला सूज आणतं आणि काही तासांत ते मांस मरायला लागतं. सुरुवातीला दुखत नाही, थोडा बधिरपणा येतो. त्यामुळे खलाशी म्हणतो ‘काही झालं नाही’, आणि घरचेही तेच म्हणतात. घात इथेच होतो.

बाहेरून भोक मुंगी चावल्याएवढं दिसलं तरी आत ऑईल गेलंय असं धरूनच चाला. घड्याळात वेळ बघून ठेवा. अंगठी काढा, सूज आल्यावर ती निघणार नाही. जखम पिळू नका, चोखू नका, ब्लेडने चीर देऊ नका, बर्फ लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. स्वच्छ कापड सैल गुंडाळून हात छातीच्या वर धरायला सांगा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागणार आहे. आणि सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. ऑपरेशन पहिल्या ६ तासांत झालं तर बोट वाचण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या बाजूने रत्नागिरी किंवा मुंबई, सिंधुदुर्गातल्यांनी ओरोस किंवा गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. निघायच्या आधी फोन करून सर्जन हजर आहे का विचारा, म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यात तास जाणार नाही. १०८ ला फोन करताना ‘बोटाला लागलंय’ एवढंच सांगितलंत तर घाई कुणालाच वाटणार नाही. ‘दाबाने हायड्रॉलिक ऑईल शरीरात गेलंय, ऑपरेशन लागणार आहे’ असं सांगा. डॉक्टरांनाही हेच शब्द, शिवाय दाब किती, कोणतं ऑईल आणि किती वाजता. डब्याचा फोटो काढून न्या. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं तर ऐकू नका, सर्जनला दाखवायचंय असं ठामपणे म्हणा.

गळती शोधायची असेल तर आधी इंजिन बंद करा, लिव्हर दोन-तीन वेळा मागेपुढे करून पाईपातला दाब सोडा, मग ओले झालेले भाग पुसून बघा. चालू असतानाच बघणं भाग असेल तर लांब काठीला जाड पुठ्ठा बांधून तो पाईपावरून फिरवा. फवारा पुठ्ठ्यावर रेघ काढतो. हातमोज्याने संरक्षण होत नाही, फवारा त्यातूनही जातो. होज पाईपचं बाहेरचं रबर तडकलं की खारी हवा आतल्या तारेला गंज देते. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून हंगाम काढायची आपल्याकडे सवय आहे. त्या पट्टीखालीच असं बारीक भोक पडतं आणि दिसतही नाही. पाईप बदला.

डिझेल इंजिनाचे इंजेक्टर टेस्ट करणारे आणि ग्रीस गन वापरणारे यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. दोन्हींचा दाब विंचपेक्षाही जास्त असतो.

चिरेखाणीवरच्या मशीनचं ऑईल गरम असतानाच काढावं लागतं. पोराच्या हातावर आणि पायावर ऑईल सांडलं. कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद. फोड आले. काय करायला हवं होतं?
— चिरेखाण चालक, संगमेश्वर तालुका

पाणी. नळाचं किंवा कळशीचं साधं, वाहतं पाणी, २० मिनिटं घड्याळ लावून. ऑईल कातडीला चिकटून बसतं आणि उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षा ते खोल भाजतं. दोन मिनिटं पाणी ओतून थांबलात तर वरची कातडी थंड वाटते, आतली भाजतच असते. खाणीवर नळ नसतो, म्हणून ऑईल काढण्याआधी २० लिटरचे दोन कॅन पाणी जवळ आणून ठेवायचे. भाजून तासभर झाला असेल तरी पाणी धरा, तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

ऑईलने भिजलेले कपडे, बूट, मोजे, हातातलं कडं लगेच काढा. कापड कातडीला चिकटलं असेल तर तेवढा तुकडा राहू द्या, भोवतीचं कापून घ्या. फोड फोडू नका. नंतर धुतलेलं सुती कापड किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म सैल ठेवा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बर्फ यांतलं काहीही नको. टूथपेस्ट आणि हळद डॉक्टरांना खरवडून काढावी लागते, आणि त्या यातना भाजण्याहून वाईट असतात. तळहातापेक्षा मोठा भाग, चेहरा, हाताचा पंजा, सांधा किंवा जननेंद्रिय भाजलं असेल तर थेट हॉस्पिटल. पांढरी पडलेली आणि न दुखणारी जागा दिसली तर ती सगळ्यात खोल भाजलेली असते.

ऑईल कोमट झालं तरी ते निघतं. इंजिन बंद करून पाऊण तास थांबलात तर गाळही ऑईलात तरंगता राहून बाहेर निघतो आणि हातही वाचतो. आणखी एक: इंजिन अति तापून बंद पडलं असेल तर क्रँककेसचं (इंजिनाच्या खालच्या बंद पेटीचं) झाकण लगेच उघडू नका. आत ऑईलचं धुकं साठलेलं असतं, बाहेरची हवा मिळाली की त्याचा स्फोट होऊ शकतो. निदान २० मिनिटं थांबा. मोठ्या इंजिनाला त्याहून जास्त.

ऑईलचं रिकामं बॅरल कापून काजूची भट्टी करायची आहे. वेल्डर म्हणतो, बूच उघडं ठेवलं की काही होत नाही. बरोबर आहे का?
— काजू प्रक्रिया केंद्र, वेंगुर्ले

बरोबर नाही. रिकाम्या बॅरलच्या तळाच्या आणि माथ्याच्या दुमडीत ऑईल राहतंच. आडवं करून निथळलं तरी कपभर आतच राहतं. गॅस कटरची ज्योत त्या पत्र्यावर आली की राहिलेल्या ऑईलची वाफ आणि धूर आत साठतो. थंड ऑईल पेटत नसेल, पण ही वाफ हवेत मिसळलेली असते आणि बॅरलमध्ये ती कोंडलेली असते. ती पेटली की बॅरलचं झाकण सुटून समोरच्या माणसावर येतं. बुचाचं २ इंची तोंड त्या दाबाला पुरत नाही. अँगल ग्राइंडरनेही हेच होतं.

आधी बॅरलमध्ये काय होतं ते पक्कं करा. लेबल निघालेलं, थिनर, पेट्रोल किंवा कुठलं केमिकल असण्याची शंका असलेलं बॅरल कापायचंच नाही, भंगारात द्या. लोटे परशुरामच्या केमिकल कारखान्यांच्या भागातून येणाऱ्या जुन्या बॅरलांच्या बाबतीत ही काळजी जास्त घ्या. इंजिन किंवा हायड्रॉलिक ऑईलचंच आहे ही खात्री असेल तर दोन्ही बुचं, मोठं आणि पाऊण इंची, काढा. उलटं करून रात्रभर निथळू द्या. कढत पाणी आणि कपड्याची पावडर घालून लोळवा, असं तीनदा. मग कापायची रेघ वर येईल असं उभं करून रेघेच्या दोन-तीन बोटं खालपर्यंत पाण्याने भरा. पाण्यामुळे वाफेला जागाच राहत नाही. बुचं उघडीच ठेवायची, आणि कापणाऱ्याने झाकणाच्या रेषेत उभं राहायचं नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे उघड्यावर ठेवून छिन्नी-हातोडीने कापणं. वेळ जातो, पण ज्योत लागत नाही. अशा बॅरलमध्ये पिण्याचं पाणी किंवा आमरस मात्र कितीही धुतलं तरी ठेवू नये.

गॅरेजमध्ये दिवसभर हात जळक्या ऑईलमध्ये. डिझेलने हात धुतो. हातावर आणि मांड्यांवर बारीक काळे पुरळ, पुळ्या येतात. मलम लावून जात नाहीत.
— गॅरेज कामगार, कणकवली

मांड्यांवर येतात म्हणजे ऑईलचं फडकं पँटच्या खिशात असतं, किंवा पँट रोज धुतली जात नाही. ऑईल केसांच्या मुळाशी अडकून त्या पुळ्या होतात. डिझेल कातडीची स्वतःची चरबी ओढून घेतं, कातडी तडकते, आणि तडकलेल्या कातडीतून ऑईल आणखी आत जातं. त्यामुळे हात धुण्यानेच त्रास वाढतो.

काम सुटलं की हाताला खोबरेल किंवा गोडेतेल चोळा, काळं सुटलं की फडक्याने पुसा, मग साबण आणि कोमट पाणी. नखांच्या कडेला मऊ ब्रश. आपल्याकडे खोबरेल घरोघरी असतं, यापेक्षा स्वस्त उपाय नाही. कामावर नायट्राइलचे हातमोजे वापरा, पण लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या मशीनवर मोजे घालू नका.

जळकं ऑईल नव्या ऑईलपेक्षा वाईट, कारण इंधन जळताना तयार होणारी कॅन्सरकारक द्रव्यं त्यात उतरतात. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांचं ऑईल वर्षानुवर्षं कपड्यांतून मांड्यांवर झिरपून कामगारांना अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होत असे. १९२० च्या दशकात त्याची नीट नोंद झाली. म्हणून महिनाभर न भरणारी जखम किंवा चामखिळीसारखी वाढ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि जनावराच्या जखमेला जळकं ऑईल लावायची पद्धत सोडून द्या.

होडीला माशाचं तेल लावून झाल्यावर चिंध्या एका टोपलीत टाकून घरी गेलो. पहाटे टोपली आणि पडवीचा वासा जळालेला. विडी कुणी ओढत नाही. कसं पेटलं?
— होडी बांधणारे, मालवण

चिंध्यांनी स्वतःच पेट घेतला. माशाचं तेल, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून सुकतं आणि सुकताना ऊब निर्माण होते. होडीच्या फळीवर ती ऊब उडून जाते. टोपलीत दाबलेल्या चिंध्यांच्या मधोमध ती अडकते, तापमान चढत जातं आणि काही तासांत धूर निघायला लागतो. ताज्या चिंध्यांच्या ढिगात हात घालून बघा, मध्ये कोमट लागलं तर धोका सुरू झालेला आहे. इंजिन ऑईल असं स्वतः तापत नाही, पण दोन्ही तेलांच्या चिंध्या एकत्र टाकल्या तर ते त्या आगीला भरपूर जळण देतं.

वापरलेली चिंधी बाहेर उन्हात एकेक पसरून कडक वाळवा. पावसात ते जमत नाही, तेव्हा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. काजूच्या टरफलाच्या तेलालाही हेच करा. ते कातडीलाही बिब्ब्यासारखं उततं. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात ते यामुळेच. अंगावर उडालं तर खोबरेलाने पुसून मग साबणाने धुवा. सांडलेलं ऑईल टिपायला लाकडाचा भुसाही वापरू नये, ते उत्तम सरपण होतं. कोरडी वाळू बरी.

पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं) चार वर्षांच्या मुलाने घोटभर प्यायलं. सासूबाई मिठाचं पाणी देऊन उलटी करवायला निघाल्या होत्या. योग्य होतं का?
— गृहिणी, गुहागर

अजिबात नाही, थांबवलंत ते बरं केलंत. असं ऑईल पोटात फारसं बाधत नाही. उलटी होताना ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. टू-टी ऑईलमध्ये रॉकेलसारखं पातळ द्रव्य मिसळलेलं असू शकतं, आणि पातळ द्रव फार सहज श्वासनलिकेत उतरतो. दूधही देऊ नका, त्यानेही उलटी होऊ शकते. तोंड पुसा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा, मूल बसतं ठेवा आणि हॉस्पिटलला न्या. खोकला, घरघर, झोपाळूपणा, ओठ निळसर होणं यांतलं काहीही दिसलं तर १०८. काही दिसलं नाही तरी डॉक्टर काही तास नजरेखाली ठेवतात, कंटाळून लवकर घरी आणू नका. दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देतं. ऑईलचा मूळ डबा बरोबर घ्या. आणि घरातल्या प्रत्येक पाण्याच्या, सरबताच्या बाटलीतलं ऑईल, रॉकेल, थिनर आजच बाहेर काढा.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचा रेग्युलेटर कडक फिरतो. दोन थेंब ऑईल टाकलं तर चालेल का?
— फॅब्रिकेशन वर्कशॉप, कुडाळ

एक थेंबही नको. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ऑईल, ग्रीस ठिणगीशिवाय स्फोटासारखं पेटतं. ऑईलच्या हाताने, ऑईलच्या पान्याने व्हॉल्व्हला हातही लावू नका. कडक रेग्युलेटर बदला.

बर्फ कारखान्यात अमोनियाच्या ऑईल पॉटमधून (यंत्रणेतलं ऑईल जिथे साचतं त्या भांड्यातून) आठवड्याला ऑईल काढतो. गेल्या वेळी ऑईल येता येता अचानक अमोनियाचा लोट आला. कामगाराच्या डोळ्यांत गेला. पद्धत चुकते का?
— बर्फ कारखाना, देवगड

ऑईल द्रवरूप अमोनियापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं, पण थंडीने घट्ट होऊन नळीत अडकतं. व्हॉल्व्ह जास्त उघडला की तो गोळा सुटतो आणि त्यामागचा द्रव अमोनिया बाहेर येतो.

पॉटचा आत येणारा व्हॉल्व्ह आधी बंद करा, सक्शनकडचा (अमोनियाची वाफ कॉम्प्रेसरकडे ओढून नेणारा) उघडा ठेवा आणि पॉटवरचं दव-बर्फ पूर्ण वितळेपर्यंत थांबा. बाहेरचा पत्रा हाताला खोलीइतकाच लागला म्हणजे आतला अमोनिया उडून गेला. त्यानंतर सक्शनकडचा बंद करून ऑईल हळू काढा. बाहेरच्या व्हॉल्व्हपुढे हात सोडताच स्प्रिंगने बंद होणारा दुसरा व्हॉल्व्ह असायलाच हवा, आणि तो तारेने बांधून ठेवणाऱ्याला त्या कामावरून काढा. दोन माणसं, अमोनियाचा मास्क आणि गॉगल. व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला जायचं नाही. आसपास ज्योत, वेल्डिंग नको. हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया झाला तर तो पेटतो.

डोळ्यांत गेला तर पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान १५ मिनिटं पाणी, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातानाही पाणी चालू. कपडे अंगाला गोठून चिकटले असतील तर आधी भरपूर पाणी, मग काढा. छातीत गेला असेल तर माणसाला बसतं ठेवा आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्या. फुप्फुसाची सूज काही तासांनी येते.

ऑईलची आठ-दहा बॅरलं ठेवायला परवाना लागतो का? पावसात उघड्यावर ठेवली तर चालतील?
— स्पेअर पार्ट विक्रेते, चिपळूण

पेट्रोलियम नियमांतले अ, ब, क हे वर्ग ९३ अंशांखालच्या फ्लॅश पॉइंटसाठी आहेत. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक ऑईल त्यात बसत नाही. डिझेल ठेवाल तर बसतं.

उघड्यावर नकोच. उभ्या बॅरलच्या माथ्यावर पाऊस साठतो, दिवसा तापून रात्री थंड होताना बॅरल श्वास घेतं आणि ते पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढतं. जागाच नसेल तर आडवी ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील अशी, म्हणजे बुचांवर आतून ऑईलचा दाब राहतो आणि हवा-पाणी आत शिरत नाही. खाली लाकडी ओंडके, दोन्ही बाजूंना पाचर. ऑईलमध्ये पाणी गेल्याचा संशय असेल तर चमच्यात दोन-तीन थेंब घेऊन खालून लायटर धरा, गॉगल लावून आणि बॅरलांपासून लांब. तडतडलं तर पाणी आहे. ते बॅरल बाजूला काढून त्यावर खडूने तसं लिहा.